एक काप जाड, एक पातळ

३ मार्च

मॅडम,

नमस्कार. नुसता मायना लिहायला तीन कागद फुकट गेले. 'आदरणीय' लिहावं तर तुम्ही म्हणाल, काम पडलं म्हणून आदर आला. काम आहेच, म्हणून सरळ 'मॅडम'च लिहिते.

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असेल. बावीस वर्षं तुमच्या लॅबची नोंदवही मी याच अक्षरात भरली. आता सहा वर्षं मी एका छोट्या लॅबमध्ये आहे. तिथेही हेच काम, तुकडे मेणात बसवायचे आणि त्यांचे काप काढायचे. बरं चाललं आहे. तुमच्या निवृत्तीच्या समारंभाला येता आलं नाही, ताप होता. कळवलं होतं मी तसं.

सोबतच्या डबीत मेणाचा एक ब्लॉक आणि सहा स्लाइड आहेत. माझ्या वहिनीच्या आहेत. वय चौपन्न. डाव्या स्तनात, बोंडाच्या बरोबर मागे गाठ आहे आणि ती दुखते. मोठ्या हॉस्पिटलात सुईनं तुकडा काढून तपासला. रिपोर्ट आला, कर्करोग. ज्या तीन खुणांवरून औषध ठरतं त्या तिन्ही नाहीत. म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. झपाट्यानं पसरणारी जात धरून त्यांनी आधी कडक किमो आणि मग ऑपरेशन असं ठरवलं आहे. किमो अठरा तारखेला सुरू होईल.

रिपोर्टवर सही तुमच्याच विद्यार्थ्याची आहे. मी गेल्यावर तुमच्या हाताखाली शिकून गेलेला तो उंच डॉक्टर. हुशार आहे असं सगळे म्हणतात आणि मी टेक्निशियन, त्याची चूक काढायची माझी लायकी नाही. पण तुमच्या टेबलावर ट्रे ठेवण्याआधी प्रत्येक स्लाइड मी भिंगाखाली धरून बघायचे, रंग नीट चढला का म्हणून. तेवढ्या सवयीनं हीही बघितली. चाळणीसारखी गोल गोल भोकं दिसली आणि भोकांत फिकट गुलाबी काहीतरी भरलेलं. असं मी एकदाच पाहिलं आहे. पंधराएक वर्षांपूर्वी तुम्ही मला आतून हाक मारून बोलावलंत आणि तुमच्या खुर्चीत बसवून दाखवलंत. नाव लांबलचक होतं, ते आठवत नाही. एवढं आठवतं की तुम्ही म्हणाला होतात, या तिन्ही खुणा नसतात म्हणून माणसं घाबरतात, पण हा त्यातला गरीब.

मला तेच दिसतं आहे की जे दिसावंसं वाटतं ते दिसतं आहे, हे मला कळत नाही. म्हणून तुम्हाला त्रास देते. ब्लॉक सही करून मागून घेतला, स्लाइड ओळखीच्या एका लॅबमधून काढून घेतल्या. वहिनीला मी काही बोललेले नाही. बघायची इच्छा नसेल तर डबी तशीच परत पाठवा. मी मनाला लावून घेणार नाही.

तुमच्याकडची पूर्वीची टेक्निशियन


९ मार्च

मॅडम,

पकडलंत.

तुमची चिठ्ठी टेबलावर आहे. मी इतकी पारायणं केली आहेत की पाठ झाली. 'स्लाइड तू काढल्या आहेस. असे काप दुसरं कोणी काढत नाही. पण यात एक काप जाड आहे, एक पातळ आहे. बावीस वर्षांत तुझा हात थरथरलेला मी पाहिला नाही आणि वहिनीसाठी तो थरथरला नसता. शंका मलाही तीच आहे. न रंगवलेल्या दहा स्लाइड हव्यात, तूच काढ. आणि तू कशी आहेस ते लिही.'

मला भाऊच नाही हे तुम्हाला माहीत आहे, हे मला पाकीट टाकून घरी येताना आठवलं. रस्त्यात उभी राहून एकटीच हसले. भावाशिवाय वहिनी आणणारी मीच.

तर, गाठ माझी आहे. दोन वर्षं तिथे अधूनमधून दुखायचं. मी म्हणायचे, काप काढायच्या यंत्राचं चाक फिरवून फिरवून हात भरून येतो, त्याची कळ. आयुष्यभर दुसऱ्या बायकांच्या गाठींचे काप काढले आणि स्वतःची गाठ चाकावर ढकलली. जानेवारीत अंघोळ करताना ती बोटांना लागली. 'ह्यांना' सांगितलं. हे ड्रायव्हिंग शिकवतात हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवसापासून मी गाडीत बसले की तीसच्या वर जात नाहीत. मागचे लोक शिव्या देतात, हे खिडकीतून हात दाखवतात.

स्वतःच्या ब्लॉकचे काप काढणं कसं असतं ते तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कोणाला कळायचं नाही. रविवारी दुपारी लॅबमध्ये कोणी नव्हतं. ब्लॉक बर्फावर थंड केला, नवं पातं लावलं. त्या मेणात काय आहे, शेवयांच्या तुकड्यांसारखे चार बारीक तुकडे. मी असे हजारो पाहिले आहेत. पण चाक फिरवलं, पहिली पट्टी निघाली, कोमट पाण्यावर तरंगायला लागली, आणि माझ्या मनात आलं, ही मी आहे. मग हात ऐकेना. शिवाय तुकडा इतका बारीक की हात चुकला तर सगळा माल कचऱ्यात आणि पुन्हा सुई. पहिल्या सहा स्लाइड त्या अशा आहेत.

'तूच काढ' हे तुम्ही लिहिलंत, त्यावर मी खूप वेळ विचार करत बसले. मी तुमच्या जागी असते तर म्हणाले असते, दुसऱ्या कोणाकडून काढून घे बाई.

काल दुसऱ्यांदा बसले. या वेळी 'हे' शेजारी स्टूल घेऊन बसले होते. किती पातळ काढतेस, विचारलं. म्हटलं, एका मिलिमीटरचे अडीचशे. थोड्या वेळानं माझा हात बघून म्हणाले, "सावकाश. मागून कोणी हॉर्न वाजवत नाहीये." दहा स्लाइड सोबत आहेत, सगळ्या एकसारख्या. ब्लॉकमध्ये अजून थोडं शिल्लक ठेवलं आहे.

आता खोटं बोलणं बंद केलंच आहे तर उरलेलंही लिहिते. समारंभाच्या दिवशी मला ताप नव्हता. साडी नेसून तयार होते, चपला घातल्या आणि परत काढल्या. आणि सहा वर्षांपूर्वीची ती चूक माझीच होती. काम पटापट उरकावं म्हणून मी दहा काचांवर आधीच नंबर लिहून ठेवले, आणि दोन बायकांचे काप एकमेकींच्या काचांवर गेले. चाळिशीतल्या बाईच्या नावावर सत्तरीच्या बाईच्या स्तनाचा काप. तुम्ही रिपोर्ट अडवलात नाहीतर एका निरोगी बाईचं ऑपरेशन झालं असतं. हे मी कोणालाच सांगितलं नाही. घरी सांगितलं की मॅडमनी माझं नाव वर लिहून पाठवलं, बावीस वर्षांची किंमत ठेवली नाही, म्हणून मी सोडून आले. सगळे तुम्हाला बोलले आणि मी बोलू दिलं.

तुमची,
टेक्निशियन


१७ मार्च

मॅडम,

काल हॉस्पिटलात तुमच्याशी बोलायचं राहून गेलं. म्हणून आज लिहून काढते आहे.

तुम्ही स्वतः याल असं मला वाटलंच नव्हतं. वाटलं, फोन कराल, फार तर पत्र पाठवाल. तुम्ही दोन बस बदलून आलात आणि पिशवीत डबा असल्यासारख्या माझ्या स्लाइड मांडीवर धरून बाकावर बसला होतात. 'ह्यांनी' तुम्हाला लांबून बघितलं आणि मला म्हणाले, या बाईंना तू सहा वर्षं नावं ठेवलीस?

त्या उंच डॉक्टरच्या खोलीत काय होणार याची मला धास्ती होती. तुम्ही आता त्याला सोलून काढणार असं मला वाटत होतं. मी त्या जागी उभी राहिलेली आहे ना. पण तुम्ही खुर्चीसुद्धा त्याचीच त्याला दिलीत. चौघांना एकदम बघता येईल असं ते मोठं सूक्ष्मदर्शक, त्याच्या एका नळीला तो, एकीला तुम्ही, एकीला किमोच्या डॉक्टरीणबाई, आणि चौथी रिकामी. तुम्ही मला म्हणालात, बस, तुझंच आहे, तू बघितलंच पाहिजेस.

बघितलं. माझे काप होते आणि त्यांना तुम्ही चढवलेले खास रंग. चाळणीची भोकं दोन प्रकारची निघाली, हे मी कधीच ओळखलं नसतं. काहींत निळं, काहींत गुलाबी. तुम्ही त्याला सांगितलं नाहीत, विचारत गेलात. ही भोकं खरी का? यांच्या कडेला कोण बसलं आहे? एकाच जातीच्या पेशी आहेत की दोन? तो सांगत गेला, आणि सांगता सांगता मध्येच थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. मग त्यानंच ते लांबलचक नाव उच्चारलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "हजारात एखादी असते. पहिल्यांदा दिसली नाही तर तो गुन्हा नाही. परत बघायचं नाही म्हणालास, तर तो गुन्हा." त्यानं आपला रिपोर्ट तिथल्या तिथे मागे घेतला. मी बावीस वर्षं तुमचं काम पाहिलं मॅडम, पण शिकवताना तुम्हाला असं जवळून बघायला मिळालं नव्हतं. ट्रे ठेवून निघून जायचे मी.

किमोच्या बाईंचं म्हणणंही मला पटलं, हे कबूल करते. त्या म्हणाल्या, खात्रीसाठी मॅडम म्हणतात त्या जनुकाच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत दोन आठवडे थांबायचं, आणि पहिलाच रिपोर्ट बरोबर निघाला तर ते दोन आठवडे परत आणून कोण देणार? तुम्ही म्हणालात, त्यांचं बरोबर आहे. मग माझ्याकडे वळलात. "मला दहांत नऊ खात्री आहे. एक भाग उरतो, तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. किमो घेतलीस तर उलट्या, केस, वर्ष सगळं जाईल आणि बहुधा त्याचा उपयोगही होणार नाही. थांबलीस आणि मी चुकले, तर माझ्यामुळे तुझं नुकसान होईल. सही तुझी आहे."

दुसऱ्या कोणी शंभर टक्के खात्री दिली असती तर मी घाबरले असते. तुम्ही नऊ म्हणालात म्हणून मी थांबण्याच्या कागदावर सही केली.

आता तुम्हाला माहीत नाही ते सांगते. तुम्ही बसथांब्याकडे निघालात तेव्हा तो उंच डॉक्टर माझ्यामागे व्हरांड्यात आला. म्हणाला, तुम्ही मॅडमच्या जुन्या लॅबमधल्या ना, मग एक विचारू? 'एका वेळी एकच ब्लॉक, नंबर काप काढताना लिहायचा' ही पाटी भिंतीवर तुमच्या वेळी होती का? मी म्हटलं, नव्हती. तो म्हणाला, आमच्या वेळी होती, आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला मॅडम त्या पाटीखाली उभं करून एक गोष्ट सांगायच्या. दोन बायकांच्या काचा बदलल्या त्याची. आणि शेवटी म्हणायच्या, "ही चूक माझ्याकडच्या सगळ्यात चांगल्या हातानं केली. तेव्हा आपल्या हातून होणार नाही, असं कोणी समजू नका." नाव कधी सांगितलं नाही म्हणाला, आम्ही खूप विचारलं.

तो हात माझा, हे मी त्याला सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र इतकी रडले की 'ह्यांनी' गाडी कडेला घेतली. त्यांना वाटलं, मला आत काहीतरी वाईट सांगितलं. मग सगळं सांगितलं, चूक माझी होती इथपासून. ते म्हणाले, हे मला सहा वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर मी तुझ्या बाजूनं एवढा घसा कोरडा केला नसता.

तुम्ही माझं नाव वर लिहून पाठवलंत ते बरोबरच होतं. ते पटायला मला एवढी वर्षं लागली.

तुमची,
टेक्निशियन


३० मार्च

मॅडम,

पत्र लहान आहे, कारण लिहिण्यासारखं काहीच घडत नाही. जनुकाचा निकाल अजून नाही.

तुम्ही मला रोज फोन करता आणि हवापाण्याच्या गोष्टी बोलता. मला वाटलं होतं, मीच तेवढी घाबरले आहे. काल तुम्ही बोलता बोलता म्हणालात की परत एकदा सगळ्या स्लाइड काढून बघितल्या. म्हणजे तुमचीही झोप उडाली आहे. तुमच्याकडे निवृत्तीचं वेतन आहे, बाग आहे, नातवंडं आहेत. हे दुसऱ्याचं ओझं तुम्ही कशाला घेतलंत? कोणी काही म्हणालं नसतं, वय झालं, आता नाही बघत, एवढं लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

खरं लिहिते, कालपासून गाठ मोठी झाल्यासारखी वाटते. दिवसातून दहा वेळा हात जातो. तो एक भाग मला दिवसभर पुरतो. पण सही केल्याचा पश्चात्ताप नाही. चुकीचं निघालं तरी मी तुम्हाला बोल लावणार नाही. मागच्या वेळी लावला होता, या वेळी नाही.

कामावर जाते आहे. हात आता स्थिर आहे.


६ मे

मॅडम,

ऑपरेशनची जखम भरली म्हणून आज टेबलाशी बसून पहिलं पत्र लिहिते. रेडिएशनचे नऊ दिवस झाले, सोळा राहिले. सकाळी अकरा वाजता जाते, दहा मिनिटं हलायचं नाही. हलायचं नाही हे काम मला चांगलं जमतं, तिथली मुलगी म्हणाली सुद्धा. कातडी थोडी लाल झाली आहे, दुपारी दमल्यासारखं होतं. बाकी काही नाही.

जनुकाचा निकाल तुम्ही फोनवर सांगितलात, 'तोच आहे'. मी घरी खुर्चीत, तुम्ही तिकडे. तुम्ही नाक शिंकरलेलं मला ऐकू आलं. सर्दी आहे म्हणालात. ठीक आहे, तुमची सर्दी आणि माझा ताप.

पण माझा जीव भांड्यात पडला नव्हता. तुम्हीच बजावलं होतं की सुईच्या तुकड्यावरून सगळी गाठ कळत नाही. आत कुठे भोकं बुजून भरीव झाली असतील तर हा गरीब आजार गरीब राहत नाही आणि मग किमो टळत नाही. म्हणून ऑपरेशनआधी मी त्या उंच डॉक्टरला सांगितलं, माझी गाठ तुमच्या टेक्निशियननं कापायची, मी नाही. पण पूर्ण कापा, एक कोपरा सोडू नका. त्यानं सतरा ब्लॉक केले. दोन सेंटीमीटरच्या गाठीचे सतरा. म्हणाला, मॅडम विचारतील.

रिपोर्ट आला तेव्हा तो मी घरी न्यायच्या आधीच हॉस्पिटलच्या जिन्यात वाचला. गाठीच्या कडा चारही बाजूंनी स्वच्छ. तपासायला काढलेल्या काखेतल्या दोन्ही गाठी स्वच्छ. भरीव भाग कुठेही नाही. किमोच्या बाई म्हणाल्या, तुम्हाला माझी गरज नाही, फक्त रेडिएशन घ्या. आणि म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदा पेशंट हातचा गेला म्हणून आनंद होतो आहे. मला त्या आवडल्या. त्यांच्याबद्दल मी घरी काय काय बोलले होते ते तुम्हाला सांगत नाही. घरी येताना 'ह्यांनी' गाडी साठवर नेली. मी ओरडले, तेव्हा कुठे त्यांना कळलं.

तुम्ही मला वाचवलंत असं मी लिहिलं तर तुम्ही पत्र फाडाल. तुमचं म्हणणं ठरलेलं आहे, मी फक्त बघितलं. बरं. पण बघतात किती जण? मी बावीस वर्षं तुमच्याबरोबर काम करून तुम्हाला नीट बघितलं नाही. मला वाटायचं, तुम्ही कडक आहात. चूक झाली म्हणून तुम्हाला राग येत नव्हता, चूक झाकली की यायचा. स्वतःच्या खात्रीतला एक भाग काढून समोर ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. हे तोंडावर सांगायला गेले तर तुम्ही विषय बदलाल, म्हणून कागदावर लिहिते आहे. कागद तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

आता शेवटचं. किमोच्या बाईंनी जाताना सांगितलं की हा आजार गरीब असला तरी चिवट आहे. दहा-बारा वर्षांनीसुद्धा फुप्फुसात डोकं वर काढू शकतो. म्हणून दर वर्षी तपासणी, आणि ती निदान पंधरा वर्षं. 'हे' लगेच म्हणाले, म्हणजे पंधरा वर्षांचं लायसन्स मिळालं, नंतर नूतनीकरण. मी मात्र तिथल्या तिथे दुसरंच मोजलं. तेव्हा मी एकोणसत्तर वर्षांची असेन आणि तुम्ही त्र्याऐंशीच्या.

उंच डॉक्टर चांगला आहे, आता तर जास्तच चांगला आहे. तो बघेल. पण आधी तुम्ही बघितल्याशिवाय मी कोणाच्याही कागदावर विश्वास ठेवणार नाही, हे मी त्याला सांगून टाकलं आहे. त्याला राग आला नाही. तो म्हणाला, मीही नाही ठेवणार.

तेव्हा मॅडम, तब्येत सांभाळा. रक्तदाबाची गोळी तुम्ही आठवड्यातून दोनदा विसरता हे मला तुमच्या सूनबाईंनी सांगितलं. उद्यापासून सकाळी आठला मी फोन करीन, तुम्ही मला गोळी गिळल्याचं सांगायचं, मग हवापाण्याचं बोलू. रागावलात तरी करीन. सहा वर्षं मी माझ्या हट्टापायी फुकट घालवली. ही पंधरा मला तुमच्यासकट हवी आहेत.

तुमची,
टेक्निशियन